गळती पुढून की मागून

ताई,

मागच्या आठवड्यात कबाडीवाला बोट बघून गेला. तुम्ही असतात तर पाना हातात घेऊन त्याला फाटकातूनच परत पाठवलं असतंत. त्यानं ताडपत्री उचलली, फायबरवर टकटक केलं, इंजिनाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मैडम, पूरी नाव तो कोई नहीं लेगा. इंजन अलग कर दो, बाकी मैं काट के ले जाऊँगा." काट के. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मिलिंद मात्र शेजारी उभा राहून मान डोलावत होता. ज्या माणसाला घरातली मोडकी छत्री टाकवत नाही, तो तुमची बोट कापून न्यायला द्यायला तयार होता.

"पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा," असं त्यानं सांगूनही टाकलं. मला विचारलं नाही. तुमचा भाऊ आहे; विचारायची पद्धत तुमच्या घरात कधी नव्हती आणि ती पद्धत पाडायला मला अजून जमलेलं नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या ऑफिसातली माणसं आली होती. चांगलं बोलली. निष्ठावान, शिस्तप्रिय, नदीच्या कामावर उतरणारी त्या काळातली एकटी बाई, वगैरे. सगळं खरंच होतं, पण ऐकताना वाटत होतं की कुणा दुसऱ्याच बाईबद्दल चाललंय. शिस्तप्रिय म्हणे! दुपारी ऑफिसातून निघून कश्मीरी गेटला स्पेअर पार्टच्या गल्ल्या धुंडाळायला मी तुमच्याबरोबर किती वेळा आले आहे, ते त्यांना कुठे माहीत. हायड्रॉलिक ऑइल मागितलं की दुकानदार ब्रेक ऑइलचा डबा पुढे करायचा आणि म्हणायचा, "एक ही बात है जी." त्यावर तुम्ही त्याला रबर कशानं फुगतं आणि कशानं सडतं हे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात समजावायचात, आणि मी जरा लांब उभी राहून आपण ह्या बाईंच्या कोणी नाही असा चेहरा करायची.

त्या दिवशी खादरमधून रामकलीही आली होती. यमुनेच्या पात्राकडेला भाजी पिकवणारी ती बाई पांढऱ्या कपड्यातल्या माणसांना बघून बुजली आणि दाराजवळच बसली. मांडीवर पिशवीभर तोरई, म्हणजे आपली दोडकी. सगळे उठले तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बड़ी दीदी तो चली गईं. नाव आएगी ना इस साल? पानी छूटेगा तो हम किसको फोन करेंगे?" मिलिंद ऐकत होता. तो चप्पल न घालताच बाहेर निघून गेला.

मला तिचा राग आला नाही. तिनं एकटीनंच तिथे कामाचं काहीतरी विचारलं होतं.

मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा तुम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहत होतात, आणि घर मिळेपर्यंत आम्ही दोघं तुमच्याकडे. नणंदेच्या घरात संसार सुरू करायचा म्हणून माझ्या आईनं मला बजावून बजावून पाठवलं होतं. मी दबकूनच आले. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी म्हटलं, कॉलनीच्या इन्क्वायरी ऑफिसात कम्प्लेंट द्यायची का? शेजारच्या सगळ्या बायका तेच करायच्या; मग प्लंबर यायचा, सूत गुंडाळायचा, सफेदा म्हणजे ती पांढरी लांबी फासायचा आणि चार दिवसांनी नळ पुन्हा सुरू. तुम्ही मला ओट्याजवळ उभं केलंत, हातात पाना दिलात आणि म्हणालात, "सूत-सफेदा लावणारे लोक मला आवडत नाहीत. आतलं वॉशर गेलंय, ते बदलायचं. खोल." मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि मी नळ खोलत होते. पाणी अंगावर उडालं, साडी भिजली. तुम्ही हसलात. मी रडायच्या बेतात होते, पण नळ थांबला. तुमचे बाबा भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात होते, त्यांनी तुम्हाला असंच शिकवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

पुढे मुलगी झाली. पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला मी ऑफिसातच असायची, म्हणून मी राजीनामा लिहायला बसले. तेव्हाही तुम्ही तसंच केलंत. "तिला मी आणीन. तू राजीनामा दिलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, एवढं लक्षात ठेव." आणि रोज स्कूटरवर पुढे तिला उभी करून सरोजिनी नगरच्या गर्दीतून घरी आणलीत. ह्याबद्दल मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात ते बोलायची सोय नव्हती. तुम्ही कौतुक ऐकलं की उठून गॅस साफ करायला लागायचात.

बोटीचं वेड मात्र मला समजायचं नाही. ऑफिसनं मोडीत काढलेली, रंग उडालेली सर्व्हेची बोट तुम्ही लिलावात घेतलीत आणि रिटायर झाल्यावर आमच्याच खालच्या मजल्यावर, गाझियाबादला राहायला आलात ती ही बोट घेऊनच. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत ट्रॉलीवर ती उभी राहिली. लोक विचारायचे, "आंटी जी, समुंदर किधर है?" तुम्ही म्हणायचात, "आ जाएगा, आप तैयार रहना." ते हसायचे. आणि त्याच पावसाळ्यात वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं, नदी पात्र सोडून काठच्या खादरमध्ये शिरली आणि सरकारी बोटी माणसं काढत असताना तुम्ही तुमची बोट घेऊन माणसांनी मागे सोडलेलं सगळं काढायला गेलात. शेळ्या, कोंबड्या, गाद्या, शिलाई मशीन. तुम्ही म्हणायचात, माणूस वाचलं आणि शेळी गेली तर ते माणूस पुढे खाणार काय?

मागच्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर आले. हट्टानं आले असं नाही. मिलिंद म्हणाला, तिला एकटी सोडू नको, मला पाण्याची भीती वाटते, तू जा. रामकलीच्या झोपडीचं फक्त छप्पर दिसत होतं आणि त्यावर तिच्या तीन शेळ्या आणि ती. तुम्ही चाक धरून, मी तुमच्या पायाशी खाली बसलेली. शेळ्या बोटीत आल्या, रामकली आली, आपण परत वळलो आणि तेव्हा चाक मऊ पडलं. तुम्ही फिरवत होतात, फिरवत होतात, आणि चाकासरशी वळायचं ते मागचं इंजिन ऐकतच नव्हतं. बऱ्याच वेळानं बोट वळायची, तीही थोडीशी. समोर पुलाचा खांब. तुम्ही इंजिनाचा वेग कमी केलात, दोन्ही हातांनी चाक भराभरा फिरवत राहिलात आणि खांब आपल्या उजव्या हाताला इतक्या जवळून गेला की त्याच्यावरचं शेवाळं मला दिसलं. काठाला लागल्यावर तुम्ही इतकंच म्हणालात, "तेल गळतंय कुठेतरी. पाइपात हवा शिरली." सलवारीच्या घोळाला तेलाचा मोठा डाग पडला होता.

त्या डागावरून आपलं भांडण सुरू झालं. सगळा हिवाळा ते पुरलं.

मी म्हणत होते, तेल पुढे गळतंय. चाकाच्या मागे जो तेल ढकलणारा पंप आहे, तिथून. कारण मी तिथे खाली बसले होते आणि डाग मला तिथे लागला. तुम्ही म्हणत होतात, मागे. इंजिनाला वळवणारा सिलिंडर, त्याच्या दांड्याचं रबरी सील. कारण ट्रॉलीवर उभ्या बोटीत तेल रोज मागेच साठलेलं दिसायचं, पुढे एक थेंब नाही. "डाग काय कुठलाही लागतो. बोटीत तेल सगळीकडे असतं. तू धुण्यातून शोध लावायला लागलीस." मी म्हटलं, "तुम्हीच सांगत होता ना, दिल्लीचा पूर दिल्लीत सुरू होत नाही म्हणून? साठतं तिथूनच निघतं असं कुठे आहे?" तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. मला वाटलं, जिंकले. मग तुम्ही म्हणालात, "वैजू, मी नोकरीभर पाणी बघितलंय. तू फायली बघितल्यास." आणि मीही तोंड फुगवून वर निघून आले. दुसऱ्या दिवशी मटारच्या करंज्या घेऊन खाली आले तेव्हा तुम्ही सिलिंडर खोलून बसला होतात. नवं सील घातलंत. तेल तरी मागे साठतच राहिलं. तुम्ही म्हणालात, सील नीट बसलं नाही, परत खोलू.

खरं सांगू? मला ते भांडण आवडायला लागलं होतं. मिलिंद आणि मी काय बोलतो, दूध आलं का, बिल भरलं का. तुमच्याशी मी तावातावानं बोलायची. ऑफिसला जाताना मेट्रोत बसून मी तुम्हाला काय उत्तर द्यायचं ते जुळवत असायची. साठीच्या आसपासच्या दोन बायका एका पंपावरून भांडतात हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण त्या हिवाळ्याइतकी मी कधीच कुणाची मैत्रीण नव्हते. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मे महिन्यातला तो दिवस लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

तुम्ही सकाळीच हाक मारलीत. सिलिंडर परत बसवला होता, आता पाइपातली हवा काढायची. हे काम एकट्यानं होत नाही, म्हणून माझी गरज. मी पुढे चाकाशी, तुम्ही मागे इंजिनाशी. सिलिंडरचा छोटा स्क्रू सैल करून त्याला पारदर्शक नळी, नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. मी चाक एका बाजूला पूर्ण फिरवायचं आणि दाबून धरायचं. नळीतून बुडबुडे येतात, हवा निघते, मग तुम्ही स्क्रू आवळायचा आणि म्हणायचं, "सोड." तोपर्यंत चाक सोडायचं नाही आणि मागे वळूनही बघायचं नाही. मागे बघितलं की माझा हात हलतो, हात हलला की हवा परत आत जाते, असा तुमचा नियम.

ऊन चढायच्या आत उरकू म्हणालात, पण उरकलं नाही. बुडबुडे थांबेनात. अंग भाजणारी लू सुरू झाली. मी म्हटलं, डोक्याला ओलं फडकं तरी बांधा, संध्याकाळी करू. "मी नदीवर ह्याहून वाईट उन्हं काढलीत. फिरव." मी फिरवलं. "धरून ठेव." मी धरून ठेवलं.

समोर सोसायटीची भिंत होती. तिच्यावर लिहिलं होतं, यहाँ कूड़ा न डालें. मी ते वाचत राहिले. तुमचं "सोड" येईना. मनात म्हटलं, बरणी भरली असेल, बदलत असतील. हाताला रग लागली. मला थोडा रागही आला, की ह्यांना माणसाच्या हातांचं काही नाही. मग मी विचारलं, "ताई, सोडू का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. आणि तरीही, ताई, मी लगेच वळले नाही. तुम्ही ओरडाल म्हणून.

वळले तेव्हा तुम्ही इंजिनाला टेकून बसला होतात. बरणी मांडीत सरळ धरलेली. त्यातलं तेल सांडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय असं थांबलं होतं की दारात हॉस्पिटल असतं तरी उपयोग झाला नसता. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाय. ठेवायलाच हवा. मिलिंदनंही ठेवला, पण त्याला तेवढ्यानं भागेना. तो रडला नाही. स्मशानात नाही, घरी नाही. तो एकच गोष्ट विचारत राहिला. पहिल्यांदा हॉस्पिटलच्या बाकावर विचारली, मग जेवताना, मग झोपता झोपता. "वैजू, ती मागे उन्हात बसली होती, तिथे खरंच काही होतं का? तू तर म्हणत होतीस पुढून गळतंय. मग ती मागे कशाला होती?"

मी म्हणायची, माहीत नाही रे.

"म्हणजे उगाचच. म्हणजे माझी बहीण जिथे काही नव्हतंच तिथे बसून मेली."

म्हणूनच त्याला बोट नको होती. खिडकीतून ती दिसली की हाच प्रश्न त्याच्यासमोर उभा राहायचा. कबाडीवाला आला तेव्हा तो मान डोलावत होता, त्याचा अर्थ एवढाच होता. म्हणून मी त्याच्याशी भांडले नाही. पण मला रामकलीचं तोंडही दिसत होतं, आणि त्याहून जास्त, खरं सांगते, मला उत्तर हवं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं. तुम्ही गेलात म्हणून काय मी हार मानायची?

मिलिंद ऑफिसला गेल्यावर मी रजा टाकून खाली उतरले. तुमच्या खोलीतून पान्यांची पेटी आणली. चाकाखालचं झाकण काढलं, पंप फडक्यानं कोरडा केला, पाइपाचे सांधे कोरडे केले, मागे सिलिंडरचा सैल राहिलेला स्क्रू आवळून तोही अगदी लख्ख पुसला. मग माझ्या कपाटातला टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि सगळीकडे पावडर भुरभुरली. पुढे, मागे, कडेनं जाणाऱ्या दोन्ही पाइपांवर. तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, बोटीला लग्नाला न्यायची आहे का? चाक इकडे तिकडे जोरात फिरवलं, दाबून धरलं आणि वर जाऊन भात टाकला.

खाली आले तेव्हा उत्तर तिथे होतं.

मागचा सिलिंडर पांढराशुभ्र. त्याच्यावरची पावडर हललीसुद्धा नव्हती. आणि पुढे, चाकाचा दांडा पंपात शिरतो त्या जागेपासून एक काळपट ओली रेघ निघाली होती. ती पंपाच्या मागून खाली उतरली, पाइपाला चिकटली आणि पाइपाच्या खालच्या अंगानं, बोटीच्या कडेकडेनं, सरळ मागे गेली होती. ट्रॉलीवर बोटीचं नाक वर असतं ना. पुढे गळलेलं सगळं तेल गुपचूप मागे वाहत जाऊन तिथे साठत होतं. पाण्यावर बोट सपाट झाली की ते पुढेच ठिबकायचं, माझ्या सलवारीवर.

मी ओरडलेच, ताई. खरंच मोठ्यानं ओरडले, "बघा! बघा, मी काय म्हणत होते!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून वाकून बघितलं.

आणि मग मला कळलं की आता हे सांगायला कोणी नाही. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून त्या रेघेकडे बघणार नव्हतात. "हं," म्हणणार नव्हतात. तुमचं ते "हं" ऐकण्यासाठी मी सगळा हिवाळा घालवला होता. मी तिथेच बोटीत खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

मिलिंदचा विचार त्यानंतर आला. मागचा सिलिंडर पांढराशुभ्र होता. म्हणजे तो विचारत होता त्याचं उत्तर माझ्यासमोर होतं आणि ते फार वाईट होतं.

तुम्ही मागवलेल्या सीलच्या पाकिटात पुढच्या पंपाचा संच तसाच होता, न उघडलेला. चाक दांड्याला घट्ट बसलं होतं, निघेना. शेवटी खलबत्त्याचा बत्ता फडक्यात गुंडाळून मागून ठोकला, तेव्हा सुटलं. आतलं जुनं सील काढलं. कडक झालं होतं, आणि त्याच्या आतल्या ओठाला एका जागी चीर गेली होती. नखानं सहज कळावी एवढी. नवं सील तुम्ही मागचं घालायचात तसंच घातलं, तेल लावून, चहूबाजूंनी सारखं दाबत, घाई न करता. जुनं मी कागदात गुंडाळून ओढणीच्या टोकाला बांधलं. ते मिलिंदला दाखवायचं असं माझ्या मनात होतं. इतकी मी हट्टी आहे. तुमचीच तालीम.

रविवारी कबाडीवाला यायच्या आधी मी मिलिंदला म्हटलं, "कापायचीच असेल तर काप, पण आधी हवा काढून बघू दे. मला एकटीला जमत नाही. मागे कुणीतरी बसावं लागतं."

त्यानं चप्पल पायात सरकवली. मग खाली आला. बोटीत चढताना त्यानं दोन्ही हातांनी कठडा धरला, जणू खाली खोल पाणीच आहे. तुमच्या जागेवर, इंजिनाला टेकून न बसता, जरा अंग चोरून बसला. बरणी हातात घेतली. मी चाक फिरवलं, दाबून धरलं. तो सांगत गेला, "खूप आहेत... अजून आहेत... कमी झाले." आम्ही दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा तेच केलं. तुमच्या नियमाला मी फाटा दिला. दर वेळी मागे वळून बघत होते. शेवटी तो म्हणाला, "आता नुसतं तेल येतंय." मी चाक जरासं हलवलं आणि मागे इंजिन तेवढंच जरासं हललं. लगेच. बाजूला नेलं, बाजूला गेलं. इतकं आज्ञाधारक चाक तुम्हीही कधी धरलं नव्हतंत.

मिलिंदही त्या हलणाऱ्या इंजिनाकडे बघत होता. नजर तिथेच ठेवून त्यानं विचारलं, "सापडलं ना तुला? कुठून गळत होतं?"

जुनं सील बांधलेली ओढणीची गाठ माझ्या हाताखालीच होती.

"खरं सांग हं, वैजू. मला चालेल."

त्याला चाललं नसतं. मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत. त्याला काय चालतं आणि काय नाही हे त्याच्यापेक्षा मला कळतं.

"मागून," मी म्हटलं. "सिलिंडरमधून. ताईंनी काम जवळजवळ संपवलंच होतं. मी फक्त उरलेलं केलं."

"म्हणजे ती बरोबर जागी बसली होती."

"अगदी बरोबर जागी."

त्यानं मान हलवली. बरणी अलगद खाली ठेवली, मग सिलिंडरवर हात ठेवला आणि रडायला लागला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. लहान मुलासारखा, नाक ओढत, थांबत, परत सुरू करत. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. कबाडीवाला ठेला घेऊन आला तेव्हाही आम्ही तसेच बसलो होतो. मिलिंदनंच डोळे पुसत त्याला सांगितलं, "नहीं भैया, नाव नहीं देनी. काम की है." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्याबरोबर मागे कोणीतरी लागेल ना पाण्यात? मला लाइफ जॅकेट आण एक. माझ्या मापाचं."

संध्याकाळी रामकलीला फोन करून सांगितलं, नाव आएगी. तिनं विचारलं, चलाएगा कौन? मी म्हटलं, मैं. ती म्हणाली, "अच्छा." तिच्या आवाजात फारसा विश्वास नव्हता, आणि त्यासाठी मी तिला दोष देत नाही.

आता मिलिंद येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, भुसावळला काकांना फोन करून सांगितलं. "ताईचं बरोबर होतं. वैजू वाद घालत होती, पण बिघाड मागेच होता. ताईला नदीचं सगळं कळायचं." मी समोर बसून ऐकते आणि मान डोलावते. माझ्या स्वभावाला ते किती जड जातं, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार.

म्हणून हे एवढं फक्त तुम्हाला लिहून ठेवते. गळती पुढून होती, ताई. मी बरोबर होते. आणि मिलिंद कधीतरी तुमच्याकडे येईल, तेव्हा आल्या आल्या पहिलं हेच विचारेल. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझ्यासाठी एवढं करा. मागूनच होती म्हणून सांगा.

वैजू